गल्लीतलं इटालियन हॉटेल कोणी बंद केलं?

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मॅनहॅटनमध्ये लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर जीनो नावाचं एक इटालियन हॉटेल होतं. १९४५ साली सुरू झालेलं. भिंतींना लालभडक कागद, त्यावर उड्या मारणारे झेब्रे. त्यातल्या काही झेब्र्यांच्या अंगावरचा एक पट्टा छापायचाच राहून गेला होता. तो कागद तसाच लावला आणि तसाच राहिला. आसपासची माणसं वर्षानुवर्षं त्याच टेबलांवर येऊन बसायची. २०१० साली जीनो बंद झालं आणि त्या जागी कपकेकचं दुकान आलं.

आता असं काही घडलं की न्यूयॉर्कचा माणूस एकच शब्द उच्चारतो, भाडं. आणि तो खोटं बोलत नाही. त्या शहरात राहत्या घरांच्या भाड्यावर नियंत्रण आहे, दुकानांच्या भाड्यावर नाही. एकेकाळी होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ मध्ये लावलं आणि १९६३ मध्ये उठवलं. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांचा करार करायचा, तो संपला की मालक म्हणेल तो आकडा. पटला तर रहा, नाहीतर खुर्च्या उचला. जीनोच्या मालकांनीही भाडंवाढीकडेच बोट दाखवलं होतं. लिटल इटली या मॅनहॅटनमधल्या जुन्या इटालियन वस्तीत ग्रँड आणि मलबेरी रस्त्यांच्या कोपऱ्यावर अलेव्हा नावाचं चीजचं दुकान १८९२ पासून होतं. करोनात भाडं थकलं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये दुकानाने न्यू जर्सीचा रस्ता धरला.

म्हणजे भाडं हे उत्तर झालं. झालं ना? मग फोर्लिनीजचं काय करायचं?

फोर्लिनीज हे बॅक्स्टर स्ट्रीटवरचं हॉटेल, फौजदारी कोर्टाच्या पाठीमागे. दुपारी तिथे न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचे वकील आणि कधीकधी जामिनावर सुटलेला आरोपी, असे सगळे एकाच छपराखाली पास्ता खायचे. शेवटच्या काळात तर तरुण कलाकार मंडळींना ते एकदम भारी वाटायला लागलं. २०१८ मध्ये व्होग मासिकाने तिथे पार्टी दिली. म्हणजे गिऱ्हाईक होतं, नाव होतं. आणि मुख्य म्हणजे इमारत कुटुंबाच्याच मालकीची होती, भाड्याची भानगडच नव्हती. तरी २०२२ मध्ये, ७९ वर्षांच्या धंद्यानंतर, त्यांनी इमारत विकली आणि हॉटेल बंद केलं. चालवणारी माणसं म्हातारी झाली होती.

मला आज जे म्हणायचंय ते इथून सुरू होतं. गल्लीतलं इटालियन हॉटेल ही मुळात एका पिढीच्या गरजेतून उभी राहिलेली गोष्ट होती. पुढच्या पिढीने तिथे उभं राहू नये, हाच ते चालवण्याचा हेतू होता. आणि तो हेतू सफल झाला. भाडं हे निमित्त. कधी जोरदार निमित्त, पण निमित्तच.

थोडं मागे जाऊ. १८८० ते १९२४ या काळात ४० लाखांच्या आसपास इटालियन माणसं अमेरिकेत उतरली. बहुतेक सगळी दक्षिणेची, म्हणजे सिसिली, कालाब्रिया, नेपल्सच्या आजूबाजूची. दुष्काळी, जमीनदारांनी पिळलेला मुलूख. गावी मांस सणासुदीला, आणि तेही पुरवून पुरवून. इथे आले, भुयारी रेल्वेचे बोगदे खणले, गोदीत पाठीवर ओझी वाहिली, आणि हातात रोजचा पैसा आला. त्या पैशाचं पहिलं काय झालं असेल? जेवणात मांस आलं. स्पॅगेटीवर मुठीएवढे खिम्याचे गोळे घातलेला जो पदार्थ जगभर ‘इटालियन’ म्हणून ओळखला जातो, तो इटलीत त्या रूपात जेवणाचं ताट म्हणून सापडत नाही. चिकन पार्मेजान, म्हणजे टोमॅटोचा रस्सा आणि चीज घातलेली तळलेली कोंबडी, तिचंही तेच. गावाकडे वांग्यावर जे करायचे ते इथे कोंबडीवर करायला लागले, कारण परवडत होतं. डब्यातला टोमॅटो, भरपूर लसूण, वर चीज. त्यातल्या लसणावरून त्यांना किती हिणवलं गेलं ते विचारू नका. आज तोच लसूण लावलेला पाव लोक फुकट मिळाला की तीनदा मागवतात.

हॉटेलं अशीच निघाली. आधी नुसते खाणावळवाले. बायकामुलं गावाला ठेवून आलेले पुरुष जेवायचे. मग कुटुंबं आली. आजी स्वयंपाकघरात, आजोबा गल्ल्यावर, मुलं शाळेतून आल्यावर टेबलं पुसायला. यातल्या कोणाला पगार नव्हता, आणि ताटाची किंमत कमी राहायची ती त्यामुळे. हिशोबाच्या वहीत आजीच्या चौदा तासांचा कॉलम नव्हता. असा कॉलम घालायची वेळ आली की धंदा तोट्यात निघतो. हे पुण्यातल्या कुठल्याही घरगुती खाणावळवाल्याला मी समजावून सांगायची गरज नाही.

१९२४ मध्ये अमेरिकेने दार लावलं. आधी एकेका वर्षात २ लाखांवर इटालियन येत होते. नव्या कायद्याने इटलीचा वार्षिक कोटा ४ हजारांच्या आत आणला. नवी माणसं थांबली. तरी गल्ल्या टिकल्या, कारण आलेली पिढी अजून तिथेच होती. मॅनहॅटनच्या उत्तरेकडच्या ईस्ट हार्लेममध्येच एका वेळी लाखभर इटालियन राहत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेही पांगले. सैन्यातून परतलेल्या मुलांना कॉलेज मिळालं, घरासाठी कर्ज मिळालं. ती लाँग आयलंडला, न्यू जर्सीला गेली, आणि जुन्या चाळवजा इमारती पाडून तिथे सरकारी वसाहती उठल्या. लिटल इटलीत १९५० साली निम्मी वस्ती इटालियन वंशाची होती. २००९ च्या जनगणना खात्याच्या पाहणीत ती ५ टक्क्यांवर आली होती, आणि इटलीत जन्मलेलं माणूस तिथे एकही सापडलं नाही.

हॉटेलं मात्र उरली. पर्यटकांसाठी. दारात उभा राहून ‘या, या’ करणारा माणूस, चौकड्याचे टेबलक्लॉथ, आणि सप्टेंबरात ११ दिवसांचा सान जेनारोचा उत्सव. तो १९२६ पासून चालू आहे. त्याच लिटल इटलीत इटालियन वारसा जपायला म्हणून एक संग्रहालय आहे. २०१५ मध्ये त्या संग्रहालयाने आपल्याच इमारतीतल्या ८५ वर्षांच्या इटालियन भाडेकरू बाईंना घर खाली करायला लावायची कारवाई चालवली. भाडं परवडत नव्हतं म्हणून. यावर मी भाष्य करत नाही.

आता आपला संबंध. १९६५ मध्ये अमेरिकेने कोटा पद्धत मोडली. त्या कायद्याने चिनी माणसं मोठ्या संख्येने आली, चायनाटाउन कॅनाल स्ट्रीट ओलांडून मलबेरी स्ट्रीटपर्यंत पसरलं, आणि २०१० मध्ये सरकारने दोन्ही मिळून एकच ऐतिहासिक वस्ती म्हणून नोंदवली. त्याच कायद्याने आपले डॉक्टर आणि इंजिनियरही गेले. आणि त्यातल्या शाकाहारी मंडळींना पहिली काही वर्षं जगवलं कोणी? कोपऱ्यावरच्या इटालियनाने. भारतीय किराणा मिळायला अजून अवकाश होता. हॅम्बर्गरच्या देशात वांग्याचं पार्मिजाना, टोमॅटोचा नुसता रस्सा घातलेला पास्ता आणि पिझ्झा एवढंच काय ते बिनधास्त खाता यायचं. त्या काळच्या कुठल्याही मराठी काकांना विचारा, त्यांच्या डोळ्यासमोर एखादं लाल-पांढऱ्या चौकड्याचं टेबल येईल.

एक पदार्थ जरा तपशिलात सांगतो, कारण तो तुम्हाला करता येईल. ब्रुकलिनमध्ये युनियन स्ट्रीटवर फर्डिनांडोज फोकाचेरिया नावाचं सिसिलियन दुकान होतं, १९०४ चं. गोदी जवळ, कामगारांची गर्दी. पुढे शहरातले महामार्ग आणि पूल उभारणारे सरकारी अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी मधून महामार्गाचा खंदक खणला आणि ते दुकान उरलेल्या वस्तीपासून तुटून एका बाजूला पडलं. तिथला पदार्थ म्हणजे पानेल्ले. हरभऱ्याचं पीठ पाण्यात गुठळ्या न होऊ देता घोटत शिजवायचं, मीठ, कोथिंबिरीच्या जातकुळीतली पार्सली, मग थापून गार करायचं आणि तुकडे कापायचे. इथपर्यंत आपली पाटवडीच, फक्त फोडणी आणि तिखट नाही. मग ते तुकडे तळायचे, तीळ लावलेल्या पावात घालायचे आणि वर मऊ रिकोटा चीज आणि किसलेलं कडक चीज. तळलेल्या कडा कुरकुरीत, आत लुसलुशीत, त्यावर गार रिकोटा. गोदी कामगाराचं पोट भरावं आणि खिसा फाटू नये, यासाठी केलेला पदार्थ. तिथे प्लीहेचं सँडविचही मिळायचं, पण दुपारची वेळ आहे, ते राहू दे.

२०२५ च्या सुरुवातीला ते दुकान बंद झालं. मात्र त्याच रस्त्यावर हॉटेल चालवणाऱ्या एका इटालियन-अमेरिकन शेफने जागा घेतली, नावातलं ‘फर्डिनांडो’ ठेवलं आणि पुन्हा दार उघडलं. बंद होण्याच्या गोष्टींत ही त्यातल्या त्यात बरी.

दुसरी तऱ्हा वेगळी आहे. ग्रीनविच व्हिलेजमध्ये थॉम्पसन स्ट्रीटवर रोको नावाचं हॉटेल १९२२ पासून होतं. साधं, गल्लीतलं. त्या जागी २०१३ मध्ये कार्बोन आलं. कार्बोन हे काय आहे? ते गल्लीतल्या इटालियन हॉटेलाचं नाटक आहे, आणि उत्तम बसवलेलं नाटक आहे. वेटरचे मरून रंगाचे सूट फॅशन डिझायनरने शिवलेले, हातात भलंमोठं मेन्यूकार्ड, आणि जुन्याच पदार्थांची नवी किंमत. उघडलं तेव्हा वासराच्या मांसाचं पार्मेजान ५० डॉलरच्या घरात होतं. आता त्याच्या शाखा हाँगकाँगला आहेत, दोहाला आहेत. जेवण चांगलं असतं असं जाणकार म्हणतात, मी वाद घालत नाही. पण शेजारच्या इमारतीत राहणारा माणूस मंगळवारी रात्री कंटाळा आला म्हणून तिथे जाऊन बसू शकत नाही. टेबलच मिळत नाही, मिळालं तर खिसा नाही. तुम्ही मनात इराण्याच्या हॉटेलाशी तुलना करत असणार, ती बरोबर आहे. लंडनला २०१० मध्ये डिशूम उघडलं, मुंबईच्या इराणी कॅफेची हुबेहूब प्रतिमा. लोक बाहेर रांग लावतात.

आणि कार्बोनच्या कितीतरी आधी ऑलिव्ह गार्डन आलं होतं. ती कल्पना कुठल्या इटालियन आजीची नव्हती. जनरल मिल्स या पीठ आणि सिरीअल विकणाऱ्या कंपनीने १९८२ मध्ये ती फ्लोरिडात उघडली. आज ९०० च्या आसपास शाखा आहेत. गल्लीतल्या हॉटेलाचं गिऱ्हाईक वरून कार्बोनने नेलं आणि खालून ऑलिव्ह गार्डनने.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यात जवळची वाटते, आणि तिच्याबद्दल फार बोललं जात नाही. ब्राँक्समध्ये आर्थर अ‍ॅव्हेन्यू आहे. तिथल्या हातगाडीवाल्यांना छप्पर मिळावं म्हणून महापौर ला गार्डिया यांनी १९४० मध्ये मंडई बांधली, ती अजून चालू आहे. आजूबाजूला जुन्या बेकऱ्या, चीजवाले, खाटीक. पण यातल्या आणि ब्राँक्सभरच्या कितीतरी इटालियन हॉटेलांचे आणि पिझ्झेरियांचे मालक आज अल्बेनियन आहेत. कोसोव्होतून, मॉन्टेनेग्रोतून, अल्बेनियातून निघालेले हे लोक, त्यातले बरेच आधी इटलीत राहिलेले, भाषा येणारे. इथे आले, इटालियनांच्या हाताखाली भांडी घासली, भट्टीवर उभे राहिले, आणि मालकाच्या मुलांनी नको म्हटल्यावर हॉटेल विकत घेतलं. पाटी तीच, रस्सा तोच. काही ठिकाणी पिझ्झ्याशेजारी बुरेकही दिसू लागला, म्हणजे चीज किंवा खिमा भरलेली पापुद्र्यांची लाटी. आणि आत भट्टीजवळ बघाल तर मेक्सिकोतल्या प्वेब्लाकडचा माणूस उभा असतो.

काहींना हे खोटं वाटतं. ‘खरे इटालियन’ नाहीत म्हणे. मला हेच खरं वाटतं. त्या हॉटेलाचा धर्म मुळात इटालियन असणं हा नव्हता; नुकत्याच आलेल्या माणसाने कुटुंबाच्या बळावर आसपासच्यांना परवडेल असं जेवण घालणं, हा होता. तो धर्म कार्बोनपेक्षा अल्बेनियन माणसाने जास्त पाळलाय.

आता रेओजचा उल्लेख केल्याशिवाय थांबलो तर कोणीतरी विचारेल. ईस्ट हार्लेममधलं १८९६ चं हॉटेल, दहाच टेबलं, आणि ती जुन्या गिऱ्हाइकांच्या नावे वाटून दिलेली. बाहेरच्याला शिरकाव जवळजवळ नाही. पण १९९२ पासून त्यांचा टोमॅटो रस्सा बाटलीत मिळतो. ज्या कंपनीकडे ती बाटली गेली ती कंपनी कॅम्बेल सूपने २०२४ मध्ये साधारण २७० कोटी डॉलर देऊन घेतली. तुमच्यापैकी ज्यांची मुलं न्यू जर्सीत आहेत त्यांच्या फडताळात ती बाटली असण्याची शक्यता बरीच आहे.

(श्रोत्यांपैकी एकाने विचारलं, की यावर सरकारने काही करावं का?)

न्यूयॉर्कमध्ये दुकानदारांना करार वाढवून मिळण्याचा हक्क देणारं एक विधेयक १९८० च्या दशकापासून नगरपरिषदेत पुन्हापुन्हा मांडलं जातं. मंजूर होत नाही. जमीनमालकांची ताकद मोठी आहे. ते व्हावं असं माझं मत आहे. झालं असतं तर जीनोला कदाचित आणखी काही वर्षं मिळाली असती. फोर्लिनीजला त्याचा काही उपयोग नव्हता. आर्थर अ‍ॅव्हेन्यूवरच्या अल्बेनियन मालकाला मात्र आज त्याची सगळ्यात जास्त गरज आहे, कारण त्याचा करार अजून चालू आहे आणि त्याला हॉटेल चालवायचंय. पुढचा प्रश्न?