रुळांना डाख देताना: कथील आणि फ्लक्सची निवड

मंडळी, इतके दिवस सुरळीत धावणारी आपली मॉडेल रेल्वेगाडी मांडणीच्या लांबच्या टोकाला रेंगाळू लागली की आपण आधी इंजिन उघडतो. माझं सांगणं असं, की आधी रुळांचे सांधे तपासा. जॉइनरची, म्हणजे दोन रूळ जोडणारी, पत्र्याची पट्टी नवी असते तोवर घट्ट बसते. पुढे ती सैल पडते, आत मळ साचतो आणि रुळांतून गाडीला मिळणाऱ्या १२ व्होल्टांतला थोडा थोडा दाब प्रत्येक सांध्यावर गळतो. त्यावर उपाय म्हणजे डाख.

डाखाची तार, जिला आपण नुसतं कथील म्हणतो, ती निवडणं सोपं आहे. ६३/३७ घ्या, म्हणजे ६३ टक्के शुद्ध कथील आणि ३७ टक्के शिसं. हे १८३ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तिथेच गोठतं. ६०/४० मात्र १९० पासून १८३ पर्यंत उतरताना लापशीसारखं राहतं, आणि तेवढ्यात रूळ हलला तर डाख कच्चा राहतो. शिसेविरहित कथील साधारण २१७ ते २२७ अंशांना वितळतं. खाली प्लास्टिकचे स्लीपर असताना ही जादा उष्णता कशाला? शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, हे मात्र विसरू नका.

खरी गोम फ्लक्समध्ये, म्हणजे डाख बसावा म्हणून धातूवरचा थर घालवणाऱ्या पदार्थात आहे. आपले रूळ बहुधा जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचे. हवेने त्यांवर ऑक्साइडचा थर चढतो आणि त्या थरावर कथील पसरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. कल्हईवाला नवसागर टाकतो तो असाच थर घालवायला. पण नवसागर किंवा झिंक क्लोराइड असलेली नळजोडणीची पेस्ट रुळांना लावू नका. डाख झकास बसतो, म्हणूनच माणूस फसतो. मागे राहिलेलं क्लोराइड पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतं आणि फीडरची, म्हणजे रुळाला वीज पुरवणारी, तांब्याची तार हिरवी पडून कुरतडली जाते. चिकटवलेल्या, खडी पसरलेल्या रुळाखालून ते धुऊन काढणार कसं?

आपल्याला हवी राळ. ती गार असताना निरुपद्रवी असते आणि तापली की काम करते. कथलाच्या तारेच्या पोटात राळ असतेच, तरी सांध्यावर वेगळी द्रवरूप राळ लावा. त्याआधी रूळ बारीक पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. जुन्या काळ्या पडलेल्या रुळावर सौम्य राळ कमी पडते. तिथे त्या आम्लधर्मी पेस्टकडे वळण्यापेक्षा आणखी घासा. राळेचा धूर दम्याच्या माणसाला बाधतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

डाख देण्याची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) दुबळी नको. १५ वॅटची इस्त्री रुळावर बराच वेळ टेकवावी लागते आणि तेवढ्यात स्लीपर वितळतात. ४० वॅटची, रुंद टोकाची घ्या; दोन-तीन सेकंदांत काम उरकतं. डाख रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्या, कारण चाकाची कड आतून धावते.

आणि सगळेच सांधे जोडू नका. १० मीटर रूळ २० अंशांनी तापला तर सुमारे ३ मिलिमीटर वाढतो. वळणावरचे सांधे डाखा, सरळ मार्गावर अधूनमधून फट सोडा, आणि फटीच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र फीडर द्या.