काटा कुणीकडे वळतो

[हर्णै बंदर, रात्र. नांगरलेली होडी. केबिनमध्ये एकच पिवळा दिवा.]

जीपीएस आलं, मोबाइल आला, तरी तांडेलासमोरचं होकायंत्र आपल्या जागी आहे. रात्री त्यावर उजेड पडावा म्हणून या होडीवर बारा व्होल्टचा साधा बल्ब बसवला. एक तार होकायंत्राच्या वरून नेली, दुसरी खालून परत आणली. दिवा छान लागला. पण होडी उत्तरेला निघाली की काटा दहाएक अंश बाजूला झुकायचा. दहा अंश ऐकायला थोडे वाटतात. दहा मैल कापल्यावर होडी जवळजवळ पावणेदोन मैल भलतीकडे गेलेली असते. काळोखात, खडकाळ किनाऱ्याजवळ, हे जिवावर बेततं.

"दिवा बंद करा बघू, तांडेल."

दिवा विझला. काटा जागेवर आला.

[जवळून: काटा. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो.]

तांब्याला चुंबक ओढत नाही, तांबं चुंबकाला ओढत नाही. मग काटा हलवला कुणी? तारेतून वाहणाऱ्या विजेनं. १८२० साली कोपनहेगनमध्ये शास्त्रज्ञ ओर्स्टेड यांनी होकायंत्रावरून तार नेली, तिच्यात वीज सोडली आणि काटा वळला. वीज उलटी सोडली तर काटाही उलटीकडे वळला. तार काट्याच्या वर न ठेवता खाली ठेवली, तरी तो उलटीकडेच वळला.

आता आपली होडी पाहा. वरच्या तारेत वीज पुढे जाते, खालच्या तारेत मागे येते. तार वरची खाली झाली आणि विजेची दिशाही उलटली. उलट्याचं उलट, म्हणजे दोन्ही तारा काट्याला एकाच बाजूला ढकलतात. दिव्याच्या तारांनी होकायंत्राभोवती एका वेढ्याची कॉइल तयार झाली होती, आणि ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती.

[टेबल. प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा, इनॅमल केलेली तांब्याची तार, टॉर्चचा सेल.]

हीच कॉइल मुद्दाम करू. पाइपावर तार गुंडाळायची, सगळे वेढे एकाच बाजूनं. तारेची टोकं खरवडून सेलला लावली की कॉइल लोहचुंबकासारखी वागते. उत्तर टोक कुठलं, हे सांगायला उजवा हात पुरतो: वीज वेढ्यांतून ज्या बाजूनं फिरते, तिकडे बोटं वळवा, ताठ अंगठा दाखवील ते उत्तर टोक. किंवा कॉइलच्या तोंडाकडे समोरून बघा. वीज घड्याळाच्या काट्यांसारखी फिरताना दिसली तर ते दक्षिण टोक, उलटी फिरताना दिसली तर उत्तर. सेल फिरवा, टोकांची अदलाबदल होते. तार तीच, वेढे तेच.

आणि हे तर करून पाहाच. दहा वेढे एका बाजूनं घाला, त्यांच्यावरच दहा वेढे उलट्या बाजूनं. वीस वेढ्यांतून वीज वाहते, तार हाताला गरमही लागते, पण काटा जवळपास ढिम्म. सेल फार वेळ लावून ठेवू नका मात्र.

वाडीतल्या पंपाची मोटर वाइंडिंगला गेली की कारागीर इतका जपतो तो याचसाठी. एखादी कॉइल उलटी जोडली गेली तर ती बाकीच्यांशी भांडते. मोटर नुसती घुमते, तापते आणि पुन्हा जळते.

[अलिबाग. झाडांमधली बैठी दगडी इमारत.]

येणारी आणि जाणारी वीज एकमेकींपासून लांब ठेवली की काय होतं, याची खूण कोकणकिनाऱ्यावर एका आख्ख्या वेधशाळेच्या रूपानं उभी आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मग शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामला वीज मिळते डोक्यावरच्या तारेतून, परत जाते रुळांतून, काही जमिनीत झिरपते. होडीवरचंच वेटोळं, फक्त रस्ताभर लांब! नाजूक उपकरणांना ते सोसलं नसतं. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ साली, अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकामासाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड आणला. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या जागेशी जुळावी. मला या दोन वर्षांबद्दल फार आदर वाटतो. १९०७ मध्ये विजेची ट्राम मुंबईत धावली, तेव्हा अलिबागची उपकरणं निवांत होती.

[पुन्हा होडी.]

ट्राम काही हलवता आली नसती. दिव्याच्या तारा मात्र हलवता येतात. वरची तार काढली, खालचीही काढली. दोन्ही शेजारी धरून, दोरीला घालतात तसा पीळ घातला. आता जाणारी वीज एकीकडे ढकलते, येणारी तितक्याच जवळून, तितक्याच जोरानं दुसरीकडे.

तांडेल बटण दाबतो. तबकडीवर उजेड पडतो.

[काटा. बराच वेळ. तो हलत नाही.]