एका चौरस सेंटिमीटरची मोजणी

[दृश्य: डोक्यावरच्या भोवऱ्याच्या कडेचा भाग, भिंगाखाली]

दाट केस संपून विरळ सुरू होतात, नेमकी ती कड. नाण्याएवढ्या गोलातले केस एक मिलिमीटरवर कापले आहेत आणि मधोमध गोंदणाचा बारीक ठिपका आहे. सहा महिन्यांनी भिंग याच जागी परत यावं म्हणून तो गोंदलाय. तेव्हा पुन्हा केस कापायचे, फोटो घ्यायचा, मोजायचं. टकलावरच्या नव्या औषधाचा निकाल शेवटी या एवढ्याशा जागेत लागतो.

बातमी इथून सुरू होत नाही. ती बहुतेक वेळा उंदरापासून सुरू होते.

[दृश्य: काळा उंदीर, भादरलेली पाठ]

प्रयोगशाळेतल्या या काळ्या उंदराच्या पाठीवरचे केस जवळजवळ एकदमच वाढतात आणि एकदमच थांबतात. तो सात आठवड्यांचा झाला की पाठीवरची सगळी मुळं विश्रांतीत असतात. तेव्हा पाठ भादरली तर कातडी गुलाबी दिसते. औषध चोळल्यावर ती करडी, मग काळी पडत गेली, की मुळं जागी झाली असं समजतात. पण ती काही आठवड्यांत आपणहून जागी होणारच होती. औषधानं ती वेळ अलीकडे आणली, इतकंच. माणसाच्या डोक्यावर शेजारशेजारच्या दोन केसांचंही वेळापत्रक एक नसतं: वाढ दोन ते सहा वर्षं, आकसणं दोन-तीन आठवडे, विश्रांती साधारण तीन महिने. आणि पुरुषांना पडतं तसं टक्कल उंदराला पडतच नाही.

२०२४ मध्ये शेफील्ड विद्यापीठ आणि पाकिस्तानातल्या कॉमसॅट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी डीऑक्सिरायबोज या साखरेचं जेल उंदरांवर वापरलं. टेस्टोस्टेरॉन देऊन केसांची वाढ रोखलेल्या उंदरांत परिणाम मिनॉक्सिडिल या टकलावरच्या नेहमीच्या औषधाच्या जवळपास आला. काम नीट केलेलं होतं. पण ‘टकलावर साखरेचा उपाय’ हा मथळा त्या कामाच्या फार पुढे धावला. २०१८ मध्ये तर याहून वाईट झालं. जपानमधल्या योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात केसांच्या मुळांचे सूक्ष्म गोळे वाढवताना, पेशींना ऑक्सिजन मिळावा म्हणून भांड्याचा तळ एका सिलिकॉनचा केला होता. हाच पदार्थ तळणीच्या तेलात फेस येऊ नये म्हणून वापरतात. तेवढ्यावरून फ्रेंच फ्राइज खाऊन केस येतात अशी बातमी जगभर फिरली. मूळ काम महत्त्वाचं होतं, ते मागेच राहिलं.

[दृश्य: टाळूचा आडवा छेद. जाड केस, शेजारी लव]

मग आशा कशावर ठेवायची? या चित्रावर. टक्कल पडताना मुळं मरून गळतात असं आपण समजतो. बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी हे संप्रेरक कपाळाकडच्या आणि भोवऱ्याकडच्या मुळांवर काम करतं. दर फेरीत वाढीचा काळ कमी होतो, मूळ लहान होतं, केस बारीक येतो. शेवटी उरते ती डोळ्यांना न दिसणारी लव.

डीएचटीचा माग लागायला बराच काळ गेला. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं, की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांत डीएचटी बनवणारं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी होतं, त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहायची आणि कपाळावरचे केस मागे हटत नव्हते. त्या विकराला अडवणारं फिनास्टेराइड १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅम, आणि १९९७ मध्ये टकलासाठी एक मिलिग्रॅम मात्रेत आलं. म्हणजे आधी कारण कळलं, मग औषध. मिनॉक्सिडिलचं उलटं: ते रक्तदाबाचं औषध, रुग्णांच्या अंगावर केस वाढले म्हणून डोक्यावर लावून पाहिलं गेलं.

२०११ मध्ये आणखी एक मोलाची गोष्ट हाती आली. एकाच माणसाच्या टाळूचा टकलाचा भाग आणि केसांचा भाग तपासला, तेव्हा मुळांतल्या मूलपेशी (ज्यांच्यापासून बाकीच्या पेशी बनतात त्या) दोन्हीकडे जवळपास सारख्याच निघाल्या. टकलाच्या भागात कमी होत्या त्या मूलपेशींपासून तयार होणाऱ्या पुढच्या पेशी. बी जागेवर आहे, अंकुर फुटत नाही. आजच्या संशोधनातला मोठा वाटा याच फटीत शिरू पाहतो.

त्यातलं पीपी-४०५ हे प्रायोगिक औषध सध्या सर्वाधिक चर्चेत आहे. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं दाखवलं, की मूलपेशींत लॅक्टेट (साखर वापरताना पेशीत बनणारा पदार्थ) वाढलं की त्या जाग्या होतात. त्यावर बेतलेलं हे जेल. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार, जास्त विरळ केस असलेल्या पुरुषांपैकी ३१ टक्क्यांत आठव्या आठवड्याला केसांची घनता २० टक्क्यांहून अधिक वाढली. ज्यांना औषधाविना नुसतं जेल दिलं होतं त्यांच्यात असा एकही नव्हता. ही उमेद देणारी गोष्ट आहे, ती तशी म्हणायलाच हवी. पण चाचणीत एकूण ७८ जण होते, त्यातला हा एक उपगट, आणि काळ दोन महिन्यांचा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आठ आठवड्यांत मुळं जागी झालेली दिसतात. तो केस जाड होतो का, पुढच्या फेरीतही टिकतो का, हे त्यात दिसत नाही.

इथेच आधीच्या अनेक आशा थांबल्या. टकलाच्या भागात प्रोस्टाग्लँडिन डी-२ हे शरीरातलंच रसायन जास्त असतं हे २०१२ मध्ये सापडलं, आणि तर्क चोख होता. त्याला अडवणारी सेटिपिप्रँट ही गोळी माणसांवर तपासली, केस वाढले नाहीत. पायरिलुटामाइड या टाळूवर लावायच्या औषधाच्या चीनमधल्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या चाचणीत, २०२३ मध्ये केस वाढले, पण नुसतं द्रावण लावणाऱ्या गटाशी ठोस फरक निघाला नाही. त्या गटातही केस वाढू शकतात. ऋतूनुसार गळती कमी-जास्त होते, आणि चाचणीत आलेला माणूस बहुतेकदा गळती जोरात असतानाच आलेला असतो.

[दृश्य: कागदावर दोन बेरजा]

आता टक्क्यांकडे. क्लास्कोटेरॉन हे टाळूवर लावायचं द्रावण डीएचटीला मुळाशी चिकटू देत नाही. २०२५ च्या डिसेंबरात तिसऱ्या टप्प्याच्या दोन चाचण्यांचे ठळक आकडे आले: नुसत्या द्रावणाच्या तुलनेत एकीत ५३९ टक्के, दुसरीत १६८ टक्के जास्त सुधारणा. ऐकणाऱ्याला वाटतं केस पाचपट झाले. तसं नाही. समजा, नुसत्या द्रावणानं चौरस सेंटिमीटरला २ केस वाढले आणि औषधानं १३, तर फरक ५५० टक्के, केस ११. दुसरीकडे १० आणि २७ असतील, तर फरक १७० टक्के, पण केस १७. लहान टक्क्यात जास्त केस! हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. म्हणून विचारायचं ते एवढंच: एका चौरस सेंटिमीटरला किती केस वाढले?

ताडून पाहायला फिनास्टेराइडचं माप हाताशी ठेवा. १९९८ च्या अभ्यासात ५.१ चौरस सेंटिमीटरच्या गोलात सुरुवातीला सरासरी ८७६ केस होते. वर्षभरानं औषधाचा गट १०७ केसांनी पुढे होता. म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २१.

नव्याची वाट पाहत थांबणं मात्र महागात पडतं, कारण मूळ जितकं बारीक झालं तितकं परत आणणं अवघड. मिनॉक्सिडिलचं द्रावण टाळूवर लावायचं, केसांवर नाही. एक मिलिलिटर, दिवसातून दोनदा. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढू शकते. नवा केस जुन्याला ढकलतो म्हणून ती होते, आणि नेमके तेव्हाच बरेचजण औषध सोडतात. सोडलं की मिळालेले केस तीन-चार महिन्यांत जातात. फिनास्टेराइड डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावं. काहींना लैंगिक इच्छा कमी होणं, मन खचणं असे त्रास होतात. आत्महत्येचे विचार हा गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये मान्य केलं. असं काही जाणवलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. प्रोस्टेटसाठीच्या पीएसए या रक्ततपासणीआधी ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण तिनं आकडा जवळपास निम्मा होतो.

[दृश्य: आरसा, दिवा, कोरडे केस]

घरी ठिपका गोंदता येणार नाही, पण फोटो शिस्तीनं काढता येतो. केस धुऊन पूर्ण वाळवलेले, लांबी तेवढीच, भांग त्याच जागी, दिवा तोच आणि तेवढ्याच अंतरावर. ओले केस एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामधली टाळू उघडी पडते. उपचाराआधीचा फोटो ओला आणि नंतरचा कोरडा काढला, तर कुठलंही औषध गुणकारी दिसेल. पहिला फोटो औषधाची बाटली उघडण्याआधी काढा, मग दर तीन महिन्यांनी एक. सहा महिन्यांनी पहिला आणि तिसरा शेजारी ठेवून पाहा.