ऑपरेशन झालं, तरी ठोक्यांवर लक्ष ठेवा

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, पंख्याखाली जागा आहे. आज इथं सोलापुरातले, मोहोळ-बार्शीकडचे बरेच आईवडील आलेत, कुणाच्या पोराच्या हृदयाचं भोक बुजवलंय, कुणाचं फॅलोचं, म्हणजे जन्मतःच हृदयात चार दोष असतात त्याचं, ऑपरेशन झालंय, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, पोरगं आता पळतंय खेळतंय, मग परत कशाला दाखवायचं? शाळेत तपासणीची गाडी यायची, ती अठरा वर्षांपर्यंत, त्यानंतर कुणी बोलवत नाही आणि नेमकं तिथनंच पुढं ठोक्यांचा त्रास सुरू होऊ शकतो.

असं बघा, हृदयाचा करंट उजव्या वरच्या कप्प्यात तयार होतो आणि खाली उतरतो. ऑपरेशनला तोच कप्पा बऱ्याचदा उघडावा लागतो, टाका भरतो पण व्रण राहतो आणि व्रणातनं करंट जात नाही. मग दहा-वीस वर्षांनी कधीतरी तो करंट व्रणाला वळसा घालून गोल गोल फिरायला लागतो, गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालावी तसा. एकच पंप असलेल्या पोरांचं फाँटन ऑपरेशन होतं ना, त्यांच्यात हे जास्त दिसतं.

आता हे नीट ऐका, कारण इथंच चुकतं. समजा पोरीची नाडी 130 लागली. झोपली तरी 130, जिना चढून आली तरी 130, तासाभरानं बघा तरी तेवढीच. घरचे म्हणतात परीक्षेचं टेन्शन, कुणी म्हणतं अ‍ॅसिडिटी, कुणी दृष्ट काढतं. अहो, टेन्शनची नाडी वरखाली होते, ही हलतच नाही! वरचा कप्पा 260 नं धडधडतोय आणि एकाआड एक ठोका खाली पोचतोय, ईसीजीत मधली लाट दुसऱ्या लाटेखाली लपते म्हणून पट्टी नॉर्मलसारखी वाटते. अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन दिलं की खालचे ठोके काही सेकंद अडतात आणि लपलेल्या लाटा उघड्या पडतात. आठवडेच्या आठवडे असंच चाललं तर हृदय थकतं, आत गुठळीही होते.

उपचार आहेत, घाबरू नका. आधी गुठळी नाही ना ते बघून, झोपेचं औषध देऊन, शॉकनं ठोके जाग्यावर आणतात. गोळ्या असतात, त्यातली ठोके आवरणारी अमिओडॅरोन चालू असेल तर थायरॉईड तपासत राहायचं. आणि अ‍ॅब्लेशन, म्हणजे जांघेतनं तार घालून, कॉम्प्युटरवर नकाशा काढून, करंट जिथनं फिरतो ती चिंचोळी वाट जाळून बंद करायची. फॅलोवाल्यांत फुफ्फुसाकडचा व्हॉल्व्ह गळत राहिला, उजवा खालचा कप्पा फुगला आणि ईसीजीतला क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांत करंट पसरायला लागणारा वेळ, 180 मिलिसेकंदाच्या वर गेला, तर खालच्या कप्प्याचे जीवघेणे ठोके येऊ शकतात, काहींना आयसीडी, म्हणजे असे ठोके आले की आतनंच शॉक देणारं यंत्र, बसवावं लागतं. चक्कर येऊन पडलं तर त्याच दिवशी दवाखाना, उद्या नाही.

उलटंही होतं, ठोके फार हळू पडतात, त्याला पेसमेकर. 1957 साली अमेरिकेत मिनियापोलिसला लाइट गेली, तेव्हा ऑपरेशन झालेल्या पोरांचे पेसमेकर भिंतीच्या प्लगवर चालायचे, त्यावरनं अर्ल बाकन यांनी अंगावर घालायचा, बॅटरीवरचा पेसमेकर बनवला. अशाच पोरांसाठी बनला तो, मला हे फार मोठं वाटतं.

आपल्याकडं मे महिन्यात पारा 43 च्या पुढं जातो, त्यात लघवीची गोळी चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या तर पोटॅशियम उतरतं आणि ठोके बिघडतात, तेव्हा लगेच फोन करा, आणि उपास आहे म्हणून गोळी बंद करू नका. ऑपरेशनचा कागद फाइलीत ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, वर्षातनं एकदा ईसीजी काढा.

ताई, तुम्ही विचारलंत की लग्न ठरवताना सांगायचं का. सांगाच, दडवू नका. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्या ताणानं जुने ठोके परत उसळू शकतात, शिवाय रक्त पातळ करायच्या काही गोळ्या बाळाला चालत नाहीत, त्या दिवस राहायच्या आधीच बदलाव्या लागतात. म्हणून पोरीला आणि जावयाला दोघांनाही घेऊन या, फाइल सोबत आणा.