फेररचनेतली बढती : सही करण्याआधीचा हिशेब

(कामगारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फेररचनेची नोटीस बोर्डावर लागते आणि त्याच पंधरवड्यात टीम लीडरच्या, सुपरवायझरच्या जागांसाठी अर्ज मागवले जातात. चाकण असो, भोसरी असो की वाळूज, क्रम साधारण हाच असतो. मग ऑपरेटरच्या मनात एकच प्रश्न घोळतो, 'मला जमेल का?' काम तुम्हाला जमेल, त्याची काळजी नको. पाहायचे ते वेगळेच आहे. ही जागा वर्षभराने शिल्लक राहील का? आणि ती घेतल्यावर कायद्याच्या रेषेच्या कुठल्या बाजूला आपण उभे असू?

आधी जागेचे बघू. फेररचनेत कात्री बहुतेक वेळा मधल्या थरावर चालते, आणि त्यामागे साधे गणित असते. शॉपमध्ये २४० ऑपरेटर आहेत आणि आठ जणांमागे एक टीम लीडर, म्हणजे ३० टीम लीडर. व्यवस्थापनाने ठरवले की आता बारा जणांमागे एक पुरे. झाले २०. एकही मशीन बंद न करता १० जागा गेल्या. त्यातले तीनचार जण निवृत्तीला आले असतील, तर त्यांच्या रिकाम्या होणाऱ्या जागांवर आज बढती दिली जाते आणि सहा महिन्यांनी नवा तक्ता लागू होतो. म्हणून एचआरला 'जागा आहे का?' असे विचारू नका, उत्तर 'आहे' असेच येणार. 'नव्या ऑर्ग चार्टमध्ये ही जागा आहे का, या ग्रेडच्या एकूण किती जागा आहेत आणि माझ्या हाताखाली किती माणसे दाखवली आहेत?' असे विचारा. चार्ट दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजा.

आता रेषेकडे येऊ. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण लोक इथेच फसतात.

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. प्रशासकीय किंवा व्यवस्थापकीय काम करणारा माणूस तिच्या व्याख्येनुसार कामगार नाही. देखरेखीचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणाराही नाही. जुन्या १९४७ च्या कायद्यात हा आकडा १०,००० होता. मोठ्या कारखान्यातल्या बहुतेक कायम कामगारांना १८,००० च्या वर पगार असतोच, त्यामुळे आकड्याचा प्रश्न उरत नाही. तुमचे मुख्य काम देखरेखीचे आहे की नाही, एवढेच उरते.

आणि ते हुद्द्याच्या पाटीवरून ठरत नाही. न्यायालये प्रत्यक्ष काम बघतात. रजा मंजूर कोण करतो, कामाची वाटणी कोण करतो, मूल्यमापनाच्या कागदावर सही कोणाची, मेमो कोण देतो? 'असिस्टंट मॅनेजर' असे कार्ड खिशात घेऊन दिवसभर मशीनच चालवणारा माणूस कामगार ठरू शकतो. पण ते सिद्ध करण्यात वर्षे जातात, आणि तेवढा काळ घर चालवावे लागते.

रेषा ओलांडली की काय जाते? कामगाराला कपात करून काढायचे तर लेखी नोटीस द्यावी लागते, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. तीनशे किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात सरकारची आधी परवानगी लागते. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांचे वेतन मिळण्याची तरतूद आहे. रेषेपलीकडच्या माणसाला यातले काही नाही. त्याच्याकडे नेमणूकपत्रातली नोटीस असते, एक महिन्याची किंवा तीन महिन्यांची. पंधरा वर्षांची नोकरी एका महिन्याच्या पगारावर संपू शकते.

रेषेच्या अलीकडे राहूनही एक खड्डा आहे. कपातीत 'शेवटी आलेला आधी जाईल' हे सूत्र श्रेणीनिहाय लावतात. ऑपरेटर म्हणून चौदा वर्षे काढलेला माणूस टीम लीडरच्या श्रेणीत गेला आणि तिथली ज्येष्ठता त्या दिवसापासून मोजली गेली, तर त्या यादीत तो सर्वांत खाली असतो. म्हणून बढतीच्या पत्रात दोन वाक्ये मागा. मूळ श्रेणीतली ज्येष्ठता कायम राहील, आणि प्रोबेशनमध्ये किंवा पद रद्द झाल्यास मूळ पदावर परत घेतले जाईल. तोंडी शब्द देणारे साहेबच फेररचनेत पहिल्यांदा बदलून जातात.

पैशाचा हिशेब पेस्लिप समोर ठेवून करा. समजा वेतन २६,००० आहे. सव्वीस दिवस आणि आठ तासांनी भागले की तासाला १२५ रुपये, दुप्पट दराने ओव्हरटाइम २५०. महिन्याला २४ तास ओव्हरटाइम असेल तर ६,००० रुपये. देखरेखीच्या पदावर गेल्यावर ओव्हरटाइम बहुधा बंद होतो. बढतीची वाढ ५,००० असेल, तर तुम्ही हजार रुपये तोट्यात आणि वर रात्री फोन उचलायचे काम.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर मोजतात आणि ती सुपरवायझरलाही मिळते. बेसिक व महागाई भत्ता मिळून १५,६०० असेल, तर १५ भागिले २६ या हिशेबाने वर्षाला ९,००० आणि पंधरा वर्षांचे १,३५,०००. तोच आकडा २०,८०० झाला की वर्षाला १२,००० आणि एकूण १,८०,०००. मागची सगळी वर्षे नव्या दराने मोजली गेली. म्हणून वाढ बेसिकमध्ये मागा. ती कुठल्यातरी 'स्पेशल अलाउन्स'मध्ये टाकली असेल, तर हा फायदा पूर्ण मिळेलच असे नाही.

पगार २१,००० च्या आसपास असलेल्यांनी ईएसआयचेही, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचेही, पाहावे. मर्यादा ओलांडली की चालू अंशदान कालावधी, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्च, संपेपर्यंतच वर्गणी जाते. पुढे कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील येतात का, ते आधीच विचारा.

वेतनकरार तोंडावर असेल तर घाई करू नका. आधी युनियनकडून मसुद्यातली एक ओळ वाचून घ्या. थकबाकी मिळायला सहीच्या तारखेला कामगारांच्या पटावर असणे जरुरीचे आहे का? तसे असेल, तर चार आठवडे आधीची बढती वर्षभराच्या फरकावर पाणी सोडायला लावते.

मग होय कधी म्हणावे? नव्या चार्टमध्ये जागा पक्की आहे, ती थेट उत्पादनाशी किंवा गुणवत्तेशी जोडलेली आहे, आणि तिथे मिळणारे कौशल्य बाहेरच्या कारखान्यातही चालते, तर जरूर घ्या. वय पस्तिशीच्या आत असेल तर थोडी जोखीमही घ्या. पंचावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला तीन वर्षे असताना, मी तरी संरक्षण सोडायला सांगणार नाही. 'ॲक्टिंग' किंवा 'अतिरिक्त कार्यभार' मात्र ग्रेड, भत्ता आणि शेवटची तारीख लिहून मिळाल्याशिवाय घेऊ नका. काम वरच्या हुद्द्याचे, पगार खालचा, आणि उद्या वाद झाला की 'हा तर देखरेखच करत होता' हा पुरावा तुम्हीच तयार केलेला.

नकार द्यायचा असेल तर तो लेखी आणि थोडक्यात द्या. आधी कंपनीचे बढती धोरण आणि स्थायी आदेश, म्हणजे कारखान्याचे सेवानियम, वाचा, काही ठिकाणी नकारानंतर ठरावीक काळ पुन्हा अर्ज करता येत नाही. पत्रात 'सध्या' हा शब्द असू द्या, कारणे एका ओळीपलीकडे नकोत, आणि आवक शिक्क्याची प्रत घरी ठेवा, लॉकरमध्ये नाही.