मांस वातड का होतं, आणि जंतू येतात कुठून

नमस्कार मंडळी, आज जरा स्वयंपाकघरातलं बोलू.

मांस वातड लागलं की बहुतेक जण म्हणतात अजून शिजलं नाही वाटतं, ठेव परत गॅसवर. आता मांडीचा, खांद्याचा, पायाचा तुकडा असेल तर हे बरोबरच आहे, कारण ज्या स्नायूंना सतत काम असतं त्यांच्यात कोलॅजन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं, ते आधी गरम झालं की आकसतं आणि चिवट होतं, पण मंद आचेवर, पाण्यात, दोनतीन तास राहिलं की हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि मग मांस बोटाने सुटतं. असा तुकडा अर्ध्यात उतरवला तर वातडच लागणार.

पण चिकनच्या छातीचं गणित उलटं आहे. त्यात कोलॅजन अगदी कमी, नुसते तंतू, आणि ते ६५-७० डिग्रीच्या पुढे इतके आवळतात की ओला टॉवेल पिळावा तसं आतलं पाणी बाहेर येतं, तो तुकडा जितका जास्त उकळाल तितका कोरडा आणि रबरी होत जातो.

मग लोक इतकं का उकळतात? जंतूंच्या भीतीने. भीती खरी आहे हो, पण चिकन मधोमध ७४ डिग्रीला पोचलं की साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर मरतात, तिथून पुढे उकळून फायदा काही नाही. माझं तर मत आहे की साधा फूड थर्मामीटर घ्याच, सगळ्यात जाड भागात खुपसायचा, हाडाला टेकवायचा नाही.

हे जंतू मुळात राहतात प्राण्यांच्या आतड्यात, विष्ठेतून बाहेर पडतात आणि कापताना मांसाला लागतात. म्हणूनच कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, त्याचे शिंतोडे सिंकभर, शेजारच्या भाज्यांवर उडतात.

घरात मांजर असेल तर तिच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म परजीवी येऊ शकतो, कच्च्या मांसातूनही तोच येतो. विष्ठा पडल्यावर त्याला धोकादायक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करा, आणि घरात कोणी गरोदर असेल तर हे काम कृपा करून दुसऱ्याने करा, पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. कुत्र्याची शी लगेच उचला, नाहीतर त्यातली जंतांची अंडी मातीत खूप दिवस टिकतात आणि खेळणाऱ्या मुलांच्या हातातून पोटात जातात.

आणि उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू अजिबात मारू नका, धूळ उडते आणि ती श्वासात जाते. आधी खिडक्या उघडा, ग्लोव्हज घाला, ब्लीचचं पाणी शिंपडून पाचेक मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका.