पायाच्या नसा ब्लॉक आहेत, मग चालायचं की नाही?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज फक्त त्यावरच बोलते. "बाबांच्या पायाच्या नसा ब्लॉक आहेत, चाललं की पोटरी दुखते, म्हणून आम्ही त्यांचं चालणंच बंद केलंय, बरोबर ना?" नाही हो, बरोबर नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज असे पेशंट बघते, आणि हे वाचलं की खरंच जीव तुटतो.

बेसिक पटकन सांगते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कोलेस्टेरॉलचे थर साचतात ना, तेच पायाच्या धमन्यांत झालं की पीएडी, म्हणजे पेरिफेरल आर्टरी डिसीज. तंबाखू, सिगारेट आणि डायबेटिस ही मोठी कारणं. चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की दोन-पाच मिनिटांत जातो. तपासणी सोपी, घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, ०.९० किंवा त्याहून कमी आलं तर पीएडी. डायबेटिसमध्ये धमन्या कडक झालेल्या असल्या तर आकडा उगाच चांगला दिसतो, १.४० च्या वरही जातो, मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघतात.

आणि हो, एकांनी लिहिलंय की मी घट्ट स्टॉकिंग आणून घातलेत. अहो काका, ते व्हेरिकोज व्हेन्स म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरावाल्यांसाठी, तिथे रक्त परत वर चढत नाही म्हणून दाब देतात. तुमच्याकडे रक्त खाली पोचतच नाहीये, त्यात वरून आवळलं तर काय होईल? डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका, प्लीज.

आता चालणं. नीट ऐका, कारण इथेच सगळे चुकतात. चालायला लागा, पोटरी दुखायला लागेल, लगेच थांबायचं नाही. बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाला, मग थांबा किंवा बसा, दुखणं पूर्ण जाऊ द्या, परत चाला. असं थांबण्याचा वेळ धरून ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान ३ दिवस, आणि किमान १२ आठवडे. दुसऱ्या आठवड्यात "फरक नाही" म्हणून सोडून देणारे खूप आहेत, फरक दिसायला वेळ लागतो.

"पण दुखतंय म्हणजे काहीतरी बिघडतंय ना?" गुडघा दुखतो तेव्हा तसं असू शकतं. इथे स्नायू ऑक्सिजन मागतोय आणि तेवढं रक्त येत नाहीये, म्हणून दुखतं. थांबलात की मागणी कमी होते आणि कळ जाते. आणि रोज अशी मागणी केली की स्नायू आहे त्या रक्तात जास्त काम करायला शिकतो. ब्लॉक विरघळत नाही, तरी न दुखता चालायचं अंतर वाढतं. पहिल्या कळीलाच जे बसतात त्यांच्या स्नायूला शिकायची वेळच येत नाही.

माझ्या मामांचंच सांगते. आम्ही फिरायला जायचो आणि ते मध्येच वाकून बुटाची लेस बांधायचे. एका फेरीत चार वेळा. लेस सुटलेली नसायचीच! दुखतंय म्हणायची लाज वाटायची म्हणून ते असं करायचे, आणि आधी ज्यांना दाखवलं होतं त्यांनी "वय झालं" म्हणून परत पाठवलेलं. मग आम्ही वहीत लिहायला लागलो, कळ किती वेळाने आली. पहिल्या दिवशी २ मिनिटं १० सेकंद, चौदाव्या आठवड्यात ११ मिनिटं. वही अजून आहे माझ्याकडे.

पण सगळ्यांनी लगेच सुरू करू नका. रात्री झोपल्यावर पाऊल दुखतं आणि पाय पलंगाखाली सोडला की बरं वाटतं, बोटाला जखम आहे आणि भरत नाही, बोट काळं पडतंय, असं असेल तर आधी व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन, त्यांना दाखवा. पाय अचानक थंडगार, पांढरा, बधिर झाला तर ताबडतोब हॉस्पिटल, तिथे तासांचा हिशोब असतो. छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्या. आणि बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी नको, भाजलेलं कळत नाही आणि ती जखम भरत नाही.

"पायाचा आजार आहे, मग कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करायची गोळी कशाला?" कारण हे थर फक्त पायात थांबत नाहीत. या पेशंटना हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका मोठा असतो, म्हणून कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी स्टॅटिन देतात, सोबत अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल. स्वतःच्या मनाने बंद करू नका. सिलोस्टाझोल नावाच्या गोळीने चालण्याचं अंतर वाढू शकतं, पण हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय रक्त नीट पंप करत नसेल, तर ती चालत नाही. अँजिओप्लास्टी, बायपास हे जखम किंवा रात्रीची कळ असेल तेव्हा, नाहीतर औषधं आणि चालणं करूनही रोजचं जगणं अडलंय तेव्हा. आणि स्टेंट टाकल्यावरही चालायचं आहेच! तंबाखू तर सोडायचीच, ती चालू ठेवून बाकी सगळं केलं तरी थर साचतच राहतात.

डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर पहिल्या दिवशी कळ किती मिनिटांनी आली ते खाली लिहा. १२ आठवड्यांनी त्याच कमेंटखाली नवा आकडा टाका, मी वाट बघतेय.